‘हवे तसे टाके घाला’ म्हणजे नेमके कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नवशिक्यांसाठी हाताच्या क्विल्टिंगवर पानभर मजकूर आला. सहा पायऱ्या दिल्या होत्या. पाच पायऱ्या कापडाचे तुकडे मापात कापणे, रंग जुळवणे, तुकडे जोडणे आणि इस्त्री फिरवणे यांत गेल्या. सहावी पायरी एका ओळीची: ‘आता तिन्ही थर एकत्र घेऊन हवे तसे टाके घाला आणि कडा शिवून टाका.’ हे पत्र त्या एका ओळीसाठी लिहितो आहे.

मी पेशाने ड्राफ्ट्समन. सगळी नोकरी यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढण्यात गेली. आराखड्यात बाकीची सगळी मापे देऊन शेवटी ‘भोके हवी तशी पाडा’ असे लिहिले असते, तर खालच्या मजल्यावरचा फिटर कागद घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला असता, आणि त्याचे काही चुकले नसते. निवृत्तीनंतर सुई हातात घेतली ती अजून सुटलेली नाही. आता शनिवारी दुपारी चार-सहा जण शिकायला येऊन बसतात. त्यांतल्या दोघी आपले कात्रण घेऊनच आल्या. वरचा थर दोघींनीही सुरेख जोडला होता, कोपऱ्याला कोपरा भिडलेला. आणि दोघींचेही काम सहाव्या पायरीशी येऊन ठप्प. एकीने तर ते पिशवीत घालून कपाटात सारून दिले होते.

क्विल्टिंग म्हणतात ते त्या सहाव्या पायरीलाच. वरचे कापड, मधली भर आणि खालचे अस्तर हे तीन थर धावदोऱ्याने एकमेकांना धरून ठेवणे, एवढेच ते काम. रंगीत तुकडे जोडणे ही वेगळी कला आहे, देखणी आहे, पण तिच्याविना क्विल्टिंगचे काहीही अडत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिसिलीत झालेली एक रजई आहे. ट्रिस्टन या मध्ययुगीन युरोपी वीराच्या दंतकथेतले प्रसंग तिच्यावर आहेत: जहाजे, घोडेस्वार, किल्ले. रंगीत तुकडा मात्र एकही नाही. लिननचे दोन थर, आत कापसाची भर, आणि टाके. टाक्यांच्या दोन रांगांमध्ये जे फुगते आणि दबते त्यातूनच घोड्याची मान आणि जहाजाचे शीड दिसते.

माझ्या धंद्याच्या माणसाला आणखी एक हकिगत आवडावी अशी आहे. उत्तर इंग्लंडमध्ये, नॉर्थंबरलंड परगण्यातल्या अ‍ॅलनहेड्स भागात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला जॉर्ज गार्डिनर नावाचा दुकानदार रजयांच्या कापडावर नक्षी आखून द्यायचा. निळ्या पेन्सिलीने. बायका आखलेले कापड नेत आणि घरी टाके घालत. त्याच्या हाताखाली शिकलेली एलिझाबेथ सँडरसन पुढे या कामात त्याच्याहून नावाजली. म्हणजे टाके कुठे जायचे हे ठरवून देणे हा कुणाचा तरी पोटापाण्याचा व्यवसाय होता. आपल्या लेखात त्याच गोष्टीला ‘हवे तसे’ एवढी जागा मिळाली.

म्हणून माझा पहिला आग्रह: सुरुवात करताना तुकडे जोडूच नका. एकरंगी, फिकट, साधे सुती कापड घ्या. छापील नक्षीचे नको, कारण तिच्यात टाका दिसत नाही, आणि टाका दिसला नाही तर सुधारणार काय? दोरा कापडापेक्षा गडद घ्या. शिकणाऱ्यांना हे नको असते, चुका उठून दिसतात म्हणतात. दिसू देत.

दुसरा आग्रह मापाचा. आपल्या लेखाच्या शेवटी ‘हात बसला की मग खऱ्या रजईकडे वळा’ असे वाक्य आहे. खऱ्या म्हणजे? पेल्याखालचा चौकोन, सुयांचे पुस्तक, उशीचा अभ्रा यांना तिन्ही थर असतात, टाका असतो, कड असते. त्यांत खोटे काय आहे ते मला कळले नाही. पण ते असो, हिशेब पाहा. नऊ इंचांचा चौकोन घेतला आणि त्यावर इंचाइंचाच्या अंतरावर आडव्या-उभ्या रेघा आखल्या, तर आठ आडव्या, आठ उभ्या, एकूण १६ रेघा. प्रत्येक ९ इंच, म्हणजे १४४ इंच. नवशिक्याचे इंचाला वरून ६ टाके धरले तर ८६४ टाके. तीच जाळी ६० बाय ९० इंचांच्या एकट्याच्या रजईवर घातली तर १०,६५० इंच, आणि टाके ६३,९००. हात साधारण पहिल्या काही शे टाक्यांत वळणावर येतो. चौकोनात तो वळणावर आला की काम संपत आलेले असते, दुसरा चौकोन घेता येतो, आणि तो पहिल्यापेक्षा चांगला झालेला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. रजईत तोच हात एका कोपऱ्यात कच्चा आणि उरलेल्या रजईभर पक्का दिसत राहतो. पहिला कोपरा उसवून पुन्हा घालावा का, या विचारातच कित्येक रजया वर्षानुवर्षे पडून राहतात.

लहान मापाचा आणखी एक फायदा दोऱ्याचा आहे आणि तो कुणी सांगत नाही. दोरा १८ इंचांहून लांब घेऊ नये. जास्त घेतला की प्रत्येक ओढीला घासून तो पिंजारतो, पीळ सुटतो, गुंता होतो. नऊ इंचांची रेघ एका दोऱ्यात आरामात पुरी होते. मधेच दोरा संपणे नाही, मधे गाठ नाही. उरलेला तुकडा वाया जातो म्हणून हळहळणारे शिष्य माझ्याकडेही आहेत. त्यांना मी तो तुकडा कच्च्या टाक्यांना वापरायला सांगतो.

सामान थोडके लागते. सुई मात्र बेतशीर घ्या. हाताच्या क्विल्टिंगच्या सुयांना ‘बिट्वीन्स’ म्हणतात. त्या आखूड आणि बारीक असतात, आणि क्रमांक जितका मोठा तितकी सुई लहान. नवशिक्याने ८ किंवा ९ क्रमांकाची घ्यावी. १२ क्रमांकाचीच्या नेढ्यात दोरा ओवतानाच उत्साह मावळतो. आखूड सुई मुद्दामच असते: लांब सुई तीन थरांत वाकते आणि टाकाही लांब पडतो. दोरा क्विल्टिंगचा म्हणून मिळतो तो सुती, जाडसर, वरून चकाकी दिलेला, त्यामुळे घासत नाही. तो नसेल तर साधा जाड सुती दोरा मेणावरून ओढून घ्या. भरतकामाचा सहापदरी रेशमासारखा दोरा या कामी नको.

कापडाबद्दल एक सूचना. उंची, घट्ट विणीची चादर आपल्याला चांगली वाटते, पण तिच्यातून सुई जाता जात नाही. बाटिकचेही तेच. हाताला मध्यम विणीचे कापड सोयीचे. आधी धुऊन घ्या, म्हणजे खळ जाते, कापड आटायचे तेवढे आटते आणि रंग जातो का तेही कळते. लाल आणि गडद निळ्याची खात्री करायची असेल तर ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून पाहा.

भरीच्या बाबतीत दुकानदार काहीही गळ्यात मारतात. सुती भर सपाट बसते आणि धुतल्यावर साधारण ३ ते ५ टक्के आटते. त्याने जी हलकी सुरकुती पडते ती काहींना फार आवडते. मला लहान चौकोनात ती नको वाटते. पॉलिएस्टरची भर फुगीर, हलकी, सुईला सोपी. लोकरीची तर सुईला सगळ्यांत सोपी. सुती भरीच्या काही जातींना आतून जाळीचा पातळ पदर चिकटवलेला असतो. यंत्रावर तो उपयोगाचा, हाताला शत्रू. बोटांनी चाचपून पाहिला की कळतो. भरीच्या वेष्टणावर टाक्यांच्या रेघांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते छापलेले असते. ते वाचा. त्याहून जास्त अंतर ठेवले तर धुण्यात भर सरकून गोळे होतात. पेल्याखालच्या चौकोनाला विकतची भर आणायचीही गरज नाही, जुन्या फ्लॅनेलचा दुहेरी तुकडा पुरतो.

आता करायचे कसे. वरचे कापड १० इंच चौरस, भर आणि अस्तर ११ इंच चौरस. टाके पडतात तसे काम आक्रसते आणि थर थोडे सरकतातही, म्हणून ही जास्तीची कड. अस्तर उलटे करून टेबलावर पसरा, चारी बाजूंना टेप लावून ताठ करा. ओढून ताणू नका, नाहीतर टेप काढल्यावर ते मागे येते आणि वर चुण्या पडतात. त्यावर भर, त्यावर वरचे कापड सुलटे. मग लांब लांब कच्चे टाके, मध्यापासून कडांकडे, दोन-तीन इंचांच्या अंतराने. एवढ्या लहान कामाला सेफ्टी पिनाही चालतात, पण हाताच्या कामात दोरा सारखा पिनांत अडकतो. कच्चा टाका बरा.

रेघा आखण्याची कटकट नको असेल तर इंचभर रुंदीचा मास्किंग टेप घ्या. चिकटवा, त्याच्या दोन्ही कडांलगत टाके घाला, उचलून पुढे लावा. रात्रभर कापडावर ठेवू नका, गोंद राहतो. आखायचेच असेल तर शिंप्याचा खडू किंवा कठीण शिशाची पेन्सिल, अगदी हलक्या हाताने.

मधल्या दोन उभ्या रेघा आधी, मग मधल्या दोन आडव्या, मग बाहेर सरकत जायचे. रेघ नऊ इंचांच्या चौकोनाच्या बाहेरून, जास्तीच्या कडेतून सुरू करायची आणि पलीकडच्या कडेत संपवायची. गाठी त्या कडेत राहतात, शेवटी कड कापली की त्याही जातात, आणि दोऱ्याची टोके मगजीत, म्हणजे कडेला शिवायच्या पट्टीत, पकडली जातात. म्हणजे पहिल्या कामात गाठ लपवायचे झंझटच नाही. पहिल्या दिवशी शिकायचा तो फक्त टाका.

तो टाका कसा घालायचा ते आता सांगतो, कारण लेखात नेमके हेच नव्हते. वरच्या हाताच्या मधल्या बोटात अंगुस्तान. धातूचे नको असेल तर चामड्याचे, पण हवेच. ते घालायचा कंटाळा करणाऱ्याच्या बोटाला संध्याकाळपर्यंत सुईचा मागचा टोक भोक पाडतो. सुई अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून टाके घालणे ही आपली रोजच्या शिवणाची सवय. ती इथे सोडायची. सुईचे नेढ्याकडचे टोक अंगुस्तानाच्या खाचेत टेकवायचे आणि सुई कापडावर उभी करायची, अगदी सरळ. दुसरा हात कामाच्या खाली. खालच्या हाताच्या तर्जनीवर सुईचे टोक जरासे टोचले की थांबायचे. ते टोचणे म्हणजे सुई तिन्ही थरांतून गेल्याची खूण. टोचले नाही तर अस्तर सुटले असे समजा. आता खालचे बोट टोकाला वर ढकलते, वरच्या हाताचा अंगठा सुईच्या पुढे कापड दाबून खळगा करतो, आणि अंगुस्तानाने सुईचा मागचा भाग खाली, कापडाला टेकेल इतका पाडायचा. टोक त्या खळग्याच्या कडेतून वर डोकावते. डोकावले की पुरे, उपसायचे नाही. लगेच सुई पुन्हा उभी, पुन्हा टोचणे, पुन्हा आडवी. झोपाळ्यासारखी सुई उभी-आडवी होत राहते आणि तिच्यावर तीन-चार टाके जमले की मग एकदम ओढून घ्यायचे. सगळी लय अंगठ्यात आहे. अंगठा किती पुढे दाबतो त्यावर टाक्याची लांबी ठरते, सुईवर नाही.

हे वाचून जमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हातांची तीन चित्रे दिली तर जमते. माझ्याकडच्या शाळकरी मुलीला ते शब्दांनी दोन शनिवार समजले नाही. सुई उभी, सुई आडवी आणि खालचे बोट अशी तीन रेखाचित्रे पाठकोऱ्या कागदावर काढून दिली आणि तिने टाके घालायला सुरुवात केली. आता तिचे टाके माझ्यापेक्षा सारखे येतात. तिच्या बोटांत जोर आहे आणि डोळ्यांना चष्मा नाही, एवढाच फरक आहे असे मी स्वतःला सांगतो.

नऊ इंचांच्या कामाला रिंग लागत नाही, नुसते हातात धरून होते. रिंग वापरायचीच असेल तर भरतकामासारखे कापड ढोलकीगत ताणू नका. मधोमध तळहात टेकवल्यावर कापड दबले पाहिजे, नाहीतर सुई आडवी व्हायला वाव मिळत नाही. काही जण एकेक टाका सरळ वरून खाली, खालून वर घालतात. जाड शिवणींवर तोच घालावा लागतो. एरवी त्यात मागची ओळ वाकडी जाते.

दुसऱ्या चौकोनात मधे एखादे पान किंवा वर्तुळ घ्या. आता गाठ लपवणे आले. दोऱ्याचे टोक सुईवर आडवे धरा, दोरा सुईभोवती दोन-तीनदा गुंडाळा, वेढे चिमटीत दाबून सुई उपसा. टोकाला लहान, घट्ट गाठ होते. सुरुवातीच्या जागेपासून इंचभर लांब सुई घाला, फक्त वरच्या थरातून आणि भरीतून, अस्तराला न लागता, आणि सुरुवातीच्या जागी बाहेर काढा. हलका झटका दिला की गाठ ‘टच्च’ करून कापडातून आत जाते आणि भरीत अडकते. जात नसेल तर सुईच्या टोकाने विणीचे धागे जरा बाजूला सारा, मग नखाने छिद्र मिटवा. शेवटीही तेच उलट: कापडाच्या अगदी जवळ गाठ करून शेवटच्या छिद्रातूनच सुई आत, भरीतून इंचभर प्रवास, बाहेर, झटका, आणि दोरा ताणून धरून कापडालगत कापा. टोक आपोआप आत जाते.

आपल्या लेखातल्या चौकटीत ‘टाके जितके बारीक तितके काम सरस’ असे छापले आहे. इंचाला १० ते १२ टाके घालणारे आहेत, त्यांना माझा दंडवत. पण नवशिक्याला हे सांगणे म्हणजे त्याला पळवून लावणे. इंचाला पाच-सहा येऊ देत, फक्त ते एकसारखे आणि टाक्याइतकीच मोकळी जागा दोन टाक्यांमध्ये. बारीक नंतर आपोआप होतात, एकसारखे आपोआप होत नाहीत. आणि मोठा टाका हा काही कमी दर्जाचा टाका नाही. जाड पर्ल दोऱ्याने इंचाला चार-पाच टाके मुद्दाम घालण्याची रीत आहे, आणि ती लहान वस्तूंवर फार शोभते. उत्तर जपानमधल्या साशिको नावाच्या टाक्यांच्या कामात निळ्या कापडावर पांढरा दोरा दिसावा म्हणूनच घालतात, वरचा टाका खालच्यापेक्षा थोडा लांब ठेवून. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या विटलेल्या कपड्यांतून केलेल्या रजया २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयाच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या भिंतींवर लागल्या, आणि २००६ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटे निघाली. त्यांच्या रेघा पट्टीने आखलेल्या नाहीत. माझ्यासारख्या पट्टीवाल्याला हे मान्य करणे जड जाते, पण त्या बघाव्यात अशाच आहेत.

‘नेहमी मध्यातून बाहेर’ हा नियमही आपण सरसकट दिला आहे. तो आधीच तयार असलेल्या वरच्या थरासाठी बरोबर आहे, कारण सैल कापड कडांकडे ढकलत न्यावे लागते. पण कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे तुकड्यांची गोधडी, शिवतात ती कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्याकडे. तिथे वरचा थर आधी जोडलेला नसतोच. एकेक तुकडा ठेवायचा, त्याची कड आत मुडपायची आणि सगळ्या थरांतून टाका घालत पुढे जायचे. गोळा व्हायला सैल कापडच नाही, मग मधून सुरुवात करायचे कारण उरत नाही. नियम द्यायचा तर त्याचे कारण शेजारी छापावे, म्हणजे तो कुठे लागू नाही तेही वाचकाला समजते.

कडेबद्दल थोडक्यात. टाके संपले की चौकोन पुन्हा मोजा, आखलेला नऊचा आता कदाचित पावणेनऊचा भरेल. जो भरेल तो धरून काटकोनात कापा. अडीच इंच रुंद पट्टी लांबीत दुमडून दुहेरी करा, तिच्या उघड्या कडा चौकोनाच्या कडेशी जुळवून सुलट्या बाजूने पाव इंचावर शिवा, मग मागे वळवून हेम घाला. सरळ कडांना सरळ धाग्याची पट्टी चालते. उरेबी, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी गोल कडांना लागते, उगाच कापड वाया घालवू नका. कोपऱ्याशी पाव इंच आधी थांबायचे, पट्टी वर दुमडून परत खाली आणायची आणि पुढची बाजू सुरू करायची. चौकोनाच्या परिघापेक्षा दहा इंच पट्टी जास्त घ्या. पेल्याखालच्या अगदी लहान चौकोनाला हा सोपस्कार नको असेल तर पिशवीसारखे शिवून, एक फट ठेवून उलटवा, फट मिटवा आणि मग टाके घाला. त्याचे कोपरे जाड राहतात, मला आवडत नाहीत. पण संध्याकाळी सुरू करून रात्री हातात काहीतरी पुरे झालेले हवे असते, त्यांच्यासाठी ठीक.

पहिल्या दोन चौकोनांनंतर काय, असे विचारतात. सुयांचे पुस्तक करा: चार बाय आठ इंचांचा एक तुकडा, मधे दुमडलेला, आत फ्लॅनेलची दोन पाने. मग चष्म्याचे घर, कारण त्यात क्विल्ट केलेले कापड पुन्हा जोडावे लागते आणि जाड शिवण कशी वळते ते कळते. गरम भांडे उचलायचा चौकोन करणार असाल तर त्यात कापड, दोरा, भर सगळे सुतीच घ्या आणि भर दुहेरी. पॉलिएस्टर उष्णतेने वितळते. आपल्या लेखातल्या फोटोत तोच चौकोन होता आणि साहित्याच्या यादीत पॉलिएस्टरची भर. हे गंभीर आहे.

आता मागणी. पुढचा भाग छापाल तेव्हा पाच पायऱ्या तुकड्यांवर खर्च करू नका. हातांची तीन रेखाचित्रे द्या. टाक्यांची एक ओळ खऱ्या मापात छापा, वर इंचाची पट्टी ठेवून, म्हणजे वाचक आपले काम कागदाशी धरून पाहू शकेल. आणि तयार वस्तूच्या मागच्या बाजूचा फोटो द्या. पुढून सगळेच साजरे दिसते. अस्तरावर टाके पोचलेत की नाहीत, ओळ कुठे भरकटली, गाठ कुठे राहिली हे मागे कळते. जागा कमी पडत असेल तर पुढच्या बाजूचा फोटो लहान करा. रेखाचित्रे काढून द्यायला मी तयार आहे, मानधनाशिवाय, फक्त छापताना ती ओढून-ताणून चपटी करू नयेत.

आणि एक दुरुस्ती मात्र पुढच्या भागाची वाट न पाहता येत्या रविवारीच छापावी. रेघा आखायला इस्त्रीच्या उष्णतेने पुसली जाणारी पेने आपण सुचवली आहेत. त्यांची शाई जात नाही, साधारण ६० अंश सेल्सिअसला नुसती रंगहीन होते. कडाक्याच्या थंडीत, शून्याखाली दहा-वीस अंशांवर, ती परत उमटते. बर्फाच्या कप्प्यात ठेवून कुणीही पडताळून पाहावे. काही कापडांवर पांढरट खूणही कायम राहते. भेट म्हणून थंड देशात पाठवलेल्या कामावर सगळ्या रेघा पुन्हा उगवल्या तर बोल शिवणाऱ्याला लागेल. पाण्याने जाणारे निळे पेन चालते, पण त्याच्या रेघा थंड, साध्या पाण्यात पूर्ण निघेपर्यंत त्यावर इस्त्री फिरवायची नाही आणि साबण लावायचा नाही. उष्णतेने त्या पक्क्या बसतात. चौकटीत नेमका उलटा क्रम छापला गेला आहे: आधी इस्त्री, मग धुणे.

आपला,
एक निवृत्त ड्राफ्ट्समन व पुरवणीचा नियमित वाचक